मुका कोल्हा

शाळेच्या समारंभाचं बोलावणं आलं आणि सगळं आठवलं. आठवीच्या गॅदरिंगला बाईंनी मला कोल्हा केलं आणि आठच दिवसांत माझा आवाज फुटला. संगीत नाटिका होती, कोल्ह्याला चांगली तीन पदं, आणि माझ्या गळ्यातून कधी बेडूक तर कधी पिपाणी. बाईंनी पेटी बंद केली, म्हणाल्या, तू नुसता नाच रे, गाणं विंगेतून दुसरा म्हणेल. झालं! दहावीपर्यंत मी 'मुका कोल्हा'. वरवर हसायचो पण लागलं होतं मनाला, ते आज पहिल्यांदाच लिहितोय.

आता गंमत ऐका. मागच्या पावसाळ्यात यूट्यूबवर रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीचं 'रनार' लागलं, गाण्या-नाचाचं छोटं नाटक. रनार म्हणजे फ्रेंचमध्ये कोल्हा. रशियन लोककथांवरनं त्याने हे 1915-16 मध्ये स्वित्झर्लंडला असताना केलं, जेमतेम पंधरा-सतरा मिनिटांचं. कोल्हीण जोगिणीचा वेष घेऊन येते, कोंबड्याला म्हणते खाली उतर, पापं कबूल कर, तो येडा उतरतो, ती धरते, मग मांजर आणि मेंढा येऊन सोडवतात. आणि पुन्हा तेच, कोंबडा पुन्हा उतरतो! (आमच्या नाटिकेत कोल्हा भगव्या कफनीत होता, बाकी सेम.) पण मी ताडकन उठून बसलो ते वेगळ्याच कारणाने. चार पुरुष गायक वाद्यवाल्यांच्यातच बसलेले आणि स्टेजवर नाचणारे, कोलांट्या मारणारे सगळे मुके. अमुक गळा अमुक प्राण्याचा असंही नाही. हे त्याने मुद्दाम ठरवून केलेलं. 1922 ला पॅरिस ऑपेरात पहिला प्रयोग झाला तेव्हा कोल्हीण नाचली ती स्वतः निजिन्स्का, नाच बसवणारीच. तिला कोणी मुकी म्हटलं असेल का हो?

त्यात एक वाद्य आहे, सिम्बालोम. आपल्या संतूरच्या जातीचं पण चांगलं टेबलाएवढं, काड्यांनी वाजवायचं. जिनिव्हात एका ठिकाणी ऐकून स्ट्राविन्स्की एवढा खूश झाला की विकतच घेतलं आणि शिकला. कोंबडा ओरडतो तेव्हा ते असं काही खणखणतं की आमच्या बाईंची पेटी आठवावी, तिचा एक सूर असाच मध्येच किंचाळायचा.

आणि 'रनार' लिहायचं काम स्ट्राविन्स्कीला ज्या बाईंनी दिलं त्या प्रिन्सेस पोलिन्याक मूळच्या शिलाई मशीनवाल्या सिंगर घराण्यातल्या. माझं शेपूट आईने सिंगरवरच शिवलं होतं, जुन्या घोंगडीचं! शेवटच्या प्रवेशात ते विंगेतल्या खिळ्याला अडकलं, मी पुढे, शेपूट मागे, हॉल हसून आडवा. 'रनार'मध्येही शेपटीनेच घात होतो. कोल्हीण बिळात बसून डोळ्यांना विचारते तुम्ही काय केलं, आम्ही बघत होतो, पायांना विचारते, आम्ही पळत होतो, आणि शेपूट म्हणतं मी काट्याकुट्यात अडकत होतो. मग रागाच्या भरात तेच बाहेर काढते आणि मांजर-मेंढा त्याला धरून ओढतात, खेळ खलास.

शेवटी गाणारे सरळ बिदागी मागतात: गोष्ट तुम्हाला, लोण्याचं मडकं मला. बाई, तुम्ही प्रत्येक पात्राला एकेक क्रीमरोल कबूल केला होता. शेपटाच्या गोंधळात माझा राहिला. समारंभाला येतोय.