चाकाच्या बाजूने बेल्ट

गाडी सकाळी सुरू केली की इंजिनाचा बेल्ट चिरकायचा, एसी लावला की जास्तच. नागपूरच्या मे महिन्यात हे चालवून घेणं शक्य नव्हतं. बेल्ट बदलायला रविवारी पहाटे साडेपाचलाच अंगणात बसलो. नऊनंतर बोनेटला हात लावणं होत नाही.

वरून जेमतेम चार बोटं जागा, पाना फिरायलाच वाव नाही. म्हणून पुढचं उजवं चाक काढलं, गाडी स्टँडवर टेकवली (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचाच नाही), आतलं प्लास्टिकचं कव्हर सोडलं. बेल्ट ज्यांवर फिरतो त्या पुल्या समोर आल्या.

बॅटरीची निगेटिव्ह तार आधीच काढली होती. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचे बोल्ट ढिले करून तो आत ढकलला, तसा बेल्ट सुटला. उलटा वाकवून पाहिला: रिबांवर (आतल्या बाजूच्या लांब उभ्या धारा) आडव्या भेगा, एका जागी रबराचा तुकडाच गायब, कडा काचेसारखी चकचकीत. माझ्या गाडीत वॉटर पंपही यावरच चालतो. वर्धा रोडवर भर दुपारी तुटला असता तर इंजिन तापलंच असतं.

नवा बेल्ट चढवला, पण त्याची एक रिब पुलीबाहेर राहिली होती. डोळ्यांना दिसली नाही, बोटाला कळली. पुन्हा काढून बसवला, ताण दिला, बॅटरीची तार जोडली, चावी फिरवली.

"सुरू नाही झाली का?" बायकोने आतून विचारलं.

"सुरूच आहे."