वाणसामानाची यादी आणि अवकाशयान

लायब्ररीचा तास शुक्रवारी शेवटचा असायचा. इंग्रजी पुस्तकं आमच्या आवाक्याबाहेरची, कपाटाची किल्ली फादरांच्या झग्याच्या खिशात. मग तेच आठवड्याला एकेक तुकडा मराठीत सांगत. वसईतल्या आमच्या मराठी शाळेत मंगळ पोचला तो असा.

आधी आले ब्रिटिश लेखक सी. एस. लुईस. त्यांच्या १९३८ सालच्या कादंबरीत रॅन्सम नावाच्या भाषापंडिताला दोघेजण पळवून मंगळावर नेतात. बाहेर काळीकुट्ट, गार पोकळी असणार म्हणून तो धास्तावलेला, आणि यान निघतं ते लख्ख उजेडातून. मंगळावरचे जीव सरळमार्गी. बिघडलेली, बाकीच्या ग्रहांशी बोलणं तुटलेली अशी आपली पृथ्वीच. पहिला माणूस आदाम याने देवाचं ऐकलं नाही आणि ते पाप सगळ्या माणसांना चिकटलं, हे आदामाचं पाप आम्हाला धर्मशिक्षणात तोंडपाठ होतं, पण ते ग्रहमालेच्या तक्त्यावर कुणी मांडलं नव्हतं.

आमचे विज्ञानाचे सर मात्र नाराज. "पळवून नेणारा शास्त्रज्ञच का हो?" फादरांनी सरांचीच बाजू घेतली. जे. बी. एस. हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी पृथ्वी सोडून शुक्रावर जाणाऱ्या माणसांचं चित्र एका लेखात रंगवलं होतं, ते लुईस यांना खटकलं, आणि या कादंबरीमागे तेही एक कारण होतं. हॉल्डेन यांनी १९४६ मध्ये त्यांना चांगलं झोडपलं. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये कोलकात्याला येऊन राहिले, हे कळल्यावर सरांची कळी खुलली. मला विचाराल तर सर बरोबर होते. लुईस यांचा शास्त्रज्ञ फार सोयीचा खलनायक आहे.

वर्ग खरा जिंकला तो अमेरिकन लेखक वॉल्टर मिलर यांनी. दुसऱ्या महायुद्धात मिलर बॉम्बर विमानावर होते. इटलीतल्या माँते कासिनोच्या जुन्या मठावर १९४४ मध्ये बॉम्ब पडले, त्या मोहिमेत तेही होते. पुढे ते कॅथलिक झाले आणि त्यांनी 'अ कँटिकल फॉर लीबोविट्झ' लिहिली. अणुयुद्धात जग जळून गेलंय, उरलेल्या लोकांनी चिडून शास्त्रज्ञ मारलेत, पुस्तकं जाळलीत. अमेरिकेच्या वाळवंटातल्या मठात काही साधू वाचलेले कागद जपून ठेवतात. त्यात लीबोविट्झ नावाच्या इंजिनिअरची वाणसामानाची यादी असते आणि एका सर्किटची ब्लूप्रिंट. ब्रदर फ्रान्सिस त्या ब्लूप्रिंटची नक्कल करायला पंधरा वर्षं घालवतो. भोवती वेलबुट्टी, वर सोन्याचा वर्ख. नकाशा कशाचा, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. पोपसाहेबांकडे जाताना वाटेत लुटारू गाठतात आणि ती झगमगीत नक्कलच अस्सल समजून घेऊन जातात. मळका मूळ कागद फ्रान्सिसकडे राहतो. वर्ग चवताळला होता. "पंधरा वर्षं, फादर!"

मी पुढे आयटीआयला ड्राफ्ट्समन झालो. अमोनियाचा वास नाकात घेत ड्रॉइंगच्या प्रिंट काढताना कैकदा मार्जिनमध्ये एखादं वेलीचं पान काढावंसं वाटायचं. एकदा काढलंही, सुपरवायझरने ती प्रिंट बाद केली.

कादंबरीच्या शेवटी, फ्रान्सिसनंतर बाराशे वर्षांनी, माणूस पुन्हा अणुबॉम्ब बनवतो आणि पुन्हा टाकतो. काही साधू मुलांना आणि जपलेल्या कागदांना घेऊन दुसऱ्या ताऱ्याकडे निघतात. यानात चढणारा शेवटचा साधू सपाता एकमेकींवर आपटून धूळ झटकतो. इथे फादरांनी मत्तयचं शुभवर्तमान उघडायला लावलं, अध्याय १०, ओवी १४: जिथे तुमचं ऐकत नाहीत तिथून पायांची धूळ झटकून निघा. मठाधिपती मात्र मागे राहतात आणि पडलेल्या भिंतीखाली अडकतात.

यावर आमच्या बॅचचे दोन तट पडले. मठाधिपतींनी जायला हवं होतं, असं एक गट म्हणे. मी दुसऱ्या गटात. आसपास भाजलेली, मरणारी माणसं पडलेली असताना धर्मगुरूने यानात बसायचं कसं? शिवाय जे गेले ते आदामाचं पापही सोबत घेऊन गेले असणारच. मिलर यांनी ते लपवलेलं नाही.

फादरांची बदली झाली तेव्हा ते कोणत्या बाजूला होते, हे विचारायचं राहून गेलं. पहिल्या गटातला आमचा म्होरक्या आता नालासोपाऱ्याला असतो. शाळेच्या महोत्सवाच्या मेळाव्याला तो येणार आहे, मीही येतोय.