मॉरिशस, आपले लोक आणि त्या १६ पायऱ्या

मॉरिशस म्हटलं की सगळ्यांना हनिमून आणि बीच आठवतो, मला मात्र राजधानी पोर्ट लुईच्या बंदरातला आप्रवासी घाट आठवतो. तिथल्या १६ दगडी पायऱ्या चढून आपल्याकडचे मजूर बेटावर आले. बिहारकडचे खूप, तमिळ-तेलुगू, आणि आमच्या रत्नागिरीकडचेही, मुंबईहून जहाजानं.

त्याआधीची गोष्टही दुःखाचीच. १५९८ मध्ये डच आले, राजपुत्र मॉरिसचं नाव बेटाला दिलं, काळ्या कठीण लाकडाची एबनीची झाडं तोडली, डोडो हा न उडणारा पक्षी त्यांच्याच काळात संपला आणि १७१० ला निघून गेले. मग फ्रेंच. त्यांनी ऊस वाढवला, आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले, जे पळाले ते ल मोर्नच्या डोंगरावर लपले. १८१० ला इंग्रजांनी बेट घेतलं, १८३५ ला गुलामी संपली, पण ऊस कापायला माणसं तर हवीच, म्हणून करार करून भारतातून लोक आणले, साडेचार लाखांच्या आसपास. करार म्हणायचा, पण कामावर गेलं नाही तर पगार कापायचे, पासशिवाय फिरलं तर पकडायचे, मला हे वाचून फार राग येतो.

१२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. पण त्याआधी १९६५ मध्येच ब्रिटननं मॉरिशसपासून चागोस बेटं तोडून घेतली आणि पुढे १९७३ पर्यंत त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावरच्या अमेरिकन लष्करी तळासाठी तिथल्या लोकांना घराबाहेर काढलं, ह्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलतच नाही.

आणि हो, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, आपल्या माणसांनी एवढ्या लांब गणपती जपलाय.