खुळखुळ्याचा ढीग

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी बोरिवलीच्या त्या सोसायटीत पोहोचले, तर कुंपणालगतचा सगळा खुळखुळा कापून ठेवलेला. जूनमध्ये मी स्वतः बी टाकलं होतं. पिवळ्या फुलांचे तुरे नुकते कुठे भरात आले होते.

"ताई, कमिटीने सांगितलं, रान माजलंय, साफ करा," माळीमामा म्हणाले. त्यांचा काय दोष? पण मला रडूच आलं.

गेली अकरा वर्षं मी सोसायट्यांच्या बागा सांभाळते. फुलपाखरं सगळ्यांना हवी असतात, सुरवंट कुणालाच नको. पेंटास लावा, एक्झोरा लावा म्हणतात. मधाची सोय झाली, पण अंडी कुठे घालायची? ब्लू टायगरच्या मादीला हरणदोडीचा वेल लागतो, कॉमन क्रोला कण्हेर, उंबर. पानं कुरतडलेली दिसली की लगेच फवारणीचा पंप निघतो. याचा मला फार त्रास होतो.

खुळखुळा लावायचा तो नरांसाठी. त्याच्या रसातल्या अल्कलॉइड नावाच्या विषारी द्रव्यापासून ते मादीला भुलवणारा गंध बनवतात. शिवाय तेच विष अंगात मुरलं की पक्षी सहसा त्यांच्या वाटेला जात नाहीत. दक्षिणेत हीच फुलपाखरं पावसाळ्याआधी पश्चिम घाटातून पूर्वेकडच्या मैदानांत हजारोंनी जातात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परततात. एवढ्याशा जिवाचा एवढा प्रवास!

दहाच्या सुमारास ऊन चढलं. मामा गोणी घेऊन ढिगापाशी वाकले आणि तसेच थांबले. "ताई, इकडे या."

ढिगावर ब्लू टायगर उतरत होते. मोडलेल्या, कोमेजलेल्या फांद्या त्यांना उभ्या झाडापेक्षाही जास्त ओढतात, हे मी ऐकून होते. पाहिलं त्या दिवशी. सत्तेचाळीसपर्यंत मोजले, मग मोजणं सुटलं. एकजण तुटक्या देठावर बसला होता. काळ्या पंखांवर फिकट निळ्या रेघा, ठिपके. सोंडेतून थेंब सोडायचा, देठ भिजवायचा आणि तेच पाणी परत ओढून घ्यायचा. मी बोट अगदी जवळ नेलं, तरी हलला नाही.

सेक्रेटरी काका खाली आले. बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

"किती दिवस ठेवायचा हा ढीग?"

"नोव्हेंबरभर तरी राहू दे, काका. वाळला तरी ती येतात."

"कचऱ्याच्या गाडीवाल्याला सांगून ठेवतो मग."

मामांनी गोणी घडी करून ठेवली. ढिगाच्या कडेने बसून ते एकेक शेंग कानाशी हलवून बघत होते. खुळखुळ वाजली की ती पिकलेली. तेवढ्या ते बियाण्यासाठी रुमालात बांधत होते.