भूप की देशकार?

शनिवारी रात्री मॉड्युलर सिंथ (सुटे मॉड्यूल तारांनी जोडून आवाज तयार करणारं वाद्य) सुरू केला तेव्हा आत्या तिच्या खोलीत वाचत बसली होती. पॅच, म्हणजे तारांची जोडणी, साधीच होती. मार्बल्स या मॉड्यूलमधून वेडंवाकडं व्होल्टेज निघतं, ते भूप रागाच्या सा रे ग प ध या पाच स्वरांवर बसतं, ऑसिलेटर (सूर काढणारं मॉड्यूल) वाजतो आणि स्वर लांबलचक रिव्हर्बमध्ये, म्हणजे घुमणाऱ्या आवाजात, विरत जातो. मग मी हात लावायचा नाही, ते आपलं आपण चालू राहतं. तीन एलएफओ (अगदी हळू फिरणारे ऑसिलेटर) फिल्टर, आवाज आणि रिव्हर्ब सावकाश हलवतात. एकाचा फेरा १७ सेकंदांचा, दुसऱ्याचा २३, तिसऱ्याचा २९. हिशेबाने तिघं पुन्हा एकत्र सुरुवातीला यायला तीन तास नऊ मिनिटं लागतात, म्हणून ऐकताना तेच तेच वाटत नाही.

दहा मिनिटांनी आत्या दारात आली.

"गोड आहे गं. पण हा भूप आहे की देशकार? आणि सा कुठंय?"

मी गप्प. दोन्ही रागांचे स्वर तेच पाच. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार (ग) आणि वेळ रात्रीचा पहिला प्रहर. देशकाराचा वादी धैवत (ध) आणि वेळ सकाळची. माझं मशीन मात्र पाचही स्वरांना सारखंच लेखत होतं. कुठे थांबायचं, कुठून नुसतं जायचं, काहीच नाही.

रविवारी आधी सा लावला. दोन ऑसिलेटर मोकळे ठेवले, एक काळी चारच्या सा वर, दुसरा पंचमावर (प). पंचम ट्यूनरने न लावता कानाने लावला, दोन सुरांमधली घरघर थांबेपर्यंत. त्या दोन सुरांनी खोली भरली आणि कालचेच विखुरलेले स्वर कुठून तरी निघून कुठे तरी पोचायला लागले. मला वाटतं, अँबियंटमध्ये, म्हणजे अशा संथ, वातावरणासारख्या संगीतात, हेच सगळ्यात मोठं काम आहे. बदलणाऱ्या गोष्टी ढीगभर सापडतात. न बदलणारी एक नीट निवडावी लागते.

मग वजन. मार्बल्सला स्वरमेळ शिकवता येतो. कीबोर्डवरून वाजवून दाखवा, जो स्वर जास्त वेळा वाजेल त्याला ते जास्त वजन देतं आणि 'स्टेप्स'चा नॉब उजवीकडे नेला की कमी वाजलेले स्वर आधी गळतात. आत्या गायली, मी वाजवलं: ग रे, सा ध, सा रे ग, प ग, ध प ग, रे सा. 'देजा व्हू'चा नॉब मध्याच्या जरा अलीकडे ठेवला. अगदी मध्यावर ओळ जशीच्या तशी फिरत राहते. थोडं अलीकडे ठेवलं की ती लक्षात राहते, पण अधूनमधून एखादा स्वर बदलतो.

याला राग म्हणणार नाही. चलन (रागाची चाल), मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), कण (ओझरता स्पर्शस्वर) यातलं काही त्यात नाही. पण आता गंधारावर परतणं ऐकू येतं.

आणि आता खालचा सा स्थिर झाल्यामुळे आत्याला दुसरंच खटकलं: "ग चढा आहे." बरोबर आहे. कीबोर्डचा गंधार सा पासून ४०० सेंट (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग), तिच्या गळ्यातला सुमारे ३८६. या सिंथमध्ये एक सप्तक म्हणजे एक व्होल्ट, तेव्हा १४ सेंट म्हणजे साधारण १२ मिलिव्होल्ट.

आज संध्याकाळी पुन्हा शिकवणार आहोत. कीबोर्डवर आत्या, आणि दर गंधाराला १२ मिलिव्होल्ट उतरवायचा नॉब माझ्याकडे.