प्रचितगडावरून उतरताना झालेली रात्र

प्रचितगडाच्या शिडीवर एका वेळी एकच माणूस सोडायचा, हा माझा शिरस्ता. डिसेंबरातल्या त्या रविवारी आम्ही १९ जण होतो आणि शेवटचा माणूस शिडीखाली आला तेव्हा सव्वादोन वाजले होते. पायथ्याच्या शृंगारपूरला उतरायला तीन-साडेतीन तास पुरतात. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. हिशेब बसत होता.

मी याच तालुक्यातला, संगमेश्वरचा. पुण्या-मुंबईच्या गटांना डोंगरात नेणं हे माझं काम आणि त्यावरच घर चालतं. शृंगारपूर म्हणजे शिर्क्यांचं गाव, येसूबाईंचं माहेर. गावाच्या मागे सह्याद्री सरळ भिंतीसारखा उभा आहे. माथ्यावर प्रचितगड, आणि त्याच्या पलीकडे चांदोलीचं जंगल. या वाटेवर गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय मी पाऊल टाकत नाही. त्या दिवशी मामा होते. साठी ओलांडलेले, पायात प्लास्टिकची चप्पल, खांद्यावर कोयता.

घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या निसरड्या उतारावर, निम्मं अंतर उतरलो आणि मागून हाक आली. एका दादांच्या डाव्या बुटाचा तळ पुढून उघडला होता. दहा मिनिटांत तो पूर्ण सुटून हातात आला. बूट चांगल्या कंपनीचे, दिसायला नवे. "चार वर्षं खोक्यात होते, दोनदाच घातलेत," ते म्हणाले. कारण नेमकं तेच होतं. अशा बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा फेसासारखा थर असतो. हवेतली आर्द्रता त्याला आतून खात राहते आणि न वापरता ठेवलेले बूट उलट लवकर जातात. मुंबईच्या चार पावसाळ्यांत तो थर आतल्या आत कुजला होता. मी अंगठ्याने दाबला तर शिळ्या केकसारखा भुगा पडला. उजव्याचीही तीच गत होणार हे तेव्हाच कळलं.

बूट दोरीने आवळून बांधला आणि दोरी घसरू नये म्हणून वरून जाड मोजा चढवला. मोज्याने दगडावर पकडही मिळते. पण घसाऱ्यावर दोरी टिकत नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी ती झिजून तुटायची, पुन्हा बांधायची. पावणेचारला उजवा तळ निघाला, आणि निघतानाच पाय मुरगळला.

दादांना खाली बसवलं. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर, मागच्या कडेने, बोटाने दाबत गेलो. हाडावर कळ नव्हती. कळ होती ती पुढच्या मऊ भागात. मग धरून उभं केलं आणि चार पावलं टाकायला सांगितलं. दात आवळून टाकली त्यांनी. हाड मोडल्याची शक्यता कमी, एवढं त्यावरून ठरवता येतं. क्रेप बँडेज बांधलं. उचलून न्यायचा विचार मी तिथेच सोडला. त्या उतारावर माणूस वाहायचा तर सरावलेले हात आणि स्ट्रेचर लागतं. हौसेने उचलायला गेलं की आणखी दोघे पडतात. ते चालणार होते, आणि आम्ही सगळे त्यांच्या चालीने चालणार होतो.

इथेच वाद झाला. सहा-सात जणांचं रात्रीच्या गाडीचं रिझर्व्हेशन होतं. त्यातला एक तरुण, चांगला धडधाकट, म्हणाला, "सर, आम्ही पुढे होतो. वाट तर सरळ खाली जाते. सगळ्यांनी का अडकायचं?" त्याचं म्हणणं वरवर पाहता रास्तच होतं. तो काही स्वार्थी नव्हता, त्याला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. मी नाही म्हटलं. तो चिडला, आणखी दोघे चिडले. मामा इतका वेळ गप्प होते. त्यांनी कोयत्याने कारवीची एक काठी तोडून दादांच्या हातात दिली आणि म्हणाले, "खालती समद्या ढोरवाटा हायत. आमची गुरं चुकत नाय, तुमी चुकनार."

खरंच आहे ते. दिवसाउजेडी मळलेली वाट आणि ढोरवाट यांतला फरक कळतो. अंधारात दोन्ही सारख्याच दिसतात, आणि ढोरवाट शेवटी एखाद्या ओढ्याच्या कड्याशी नेऊन सोडते. मग खाली पोचल्यावर मला एक नाही, दोन गट शोधावे लागले असते.

मोबाइलला रेंज नव्हती. पण डोंगराच्या एका सोंडेवर एक-दोन काड्या येतात हे माहीत होतं. तिथून मामांच्या मुलाला फोन लावला: बॅटऱ्या, पाणी आणि गावातली दोन माणसं घेऊन वर ये. दुसरा फोन बचाव पथकातल्या मित्राला. काय झालंय, किती जण आहेत, कुठे आहोत हे सांगितलं आणि म्हटलं, "साडेनऊपर्यंत माझा फोन आला नाही तर निघा." मदत लागेलच असं नव्हतं. पण असा फोन उजेडात करायचा असतो. रात्री आठला घाबऱ्याघुबऱ्या केलेल्या फोनवर पथकाला धड ठिकाणही कळत नाही.

डोंगराची ही बाजू पश्चिमेची. वरचा कडा अजून तांबूस उजळलेला आणि आमच्या झाडीत मात्र बोटं दिसेनात. अमावास्या जवळ होती, चांदण्याची आशा नव्हती. सगळ्यांना थांबवलं. घामाने भिजलेले टी-शर्ट बदलायला लावले. गूळ-शेंगदाणे वाटले. बॅटऱ्या मोजल्या तर माझ्या धरून सात, बाकी मोबाइल. मोबाइल बंद करून खिशात ठेवायला सांगितले. एक बॅटरीवाला, मग दोन बिनबॅटरीवाले, अशी रांग लावली. पुढे मामा, त्यांच्यामागे दादा, सगळ्यात मागे मी. पुढे जायची घाई असलेल्या त्या तरुणाला दादांच्या मागेच ठेवलं.

कपाळावरची बॅटरी काढून कमरेपाशी धरा, हे लोकांना पटायला वेळ लागतो. कपाळावरून पडणाऱ्या प्रकाशात दगडाची सावली दगडामागेच लपते आणि खळगा सपाट दिसतो. तोच प्रकाश खालून तिरका पडला की प्रत्येक दगड सावलीसकट उठून दिसतो. दुसरी ताकीद: कोणाच्या तोंडावर झोत मारायचा नाही. अंधाराला सरावलेली नजर एकदा दिपली की ती परत यायला वीसेक मिनिटं जातात.

मग जे सुरू झालं त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. दहा पावलं, थांबा. मागून आकडे मोजत पुढे, पुन्हा दहा पावलं. एक ताई सगळ्यांचे आकडे खणखणीत आवाजात पुढे पोचवत होत्या. तेवढ्या आवाजानेही रांगेला धीर होता.

घसारा संपून दगडगोट्यांची वाट लागली तिथे मामांनी हात वर केला. रांग थांबली. पुढून करकर असा आवाज येत होता, लाकडावर कानस घासल्यासारखा. मामांनी बॅटरी तिरकी धरली. वाटेच्या कडेला दगडाशी वीतभर फुरसं, वेटोळ्यात वेटोळं घासत बसलेलं. भारतात विषारी दंशाचे सर्वाधिक बळी ज्या चार सापांमुळे जातात, त्यांतला हा सगळ्यात लहान. आमच्याकडे दगडाखाली कुठेही सापडतो, बहुतेक रात्रीच फिरतो. मामांनी काठीही आपटली नाही. दोन हात लांबून, वरच्या बाजूने वळसा घालून एकेकाला काढलं. दादांच्या पायात तेव्हा बुटाच्या नावाखाली दोरी आणि मोजा होता. तो तरुण त्यांच्या दंडाला धरून चालत होता. त्यांची सॅक कधीपासून त्याच्या पोटावर होती, मला मागून दिसलंच नव्हतं.

सव्वाआठला खालून बॅटऱ्या दिसल्या. मामांचा मुलगा आणि गावातली आणखी तिघं. त्यांनी दादांचा ताबा घेतला आणि पुढची चाल दुप्पट झाली. सव्वानऊला पहिल्या घराच्या अंगणात १९ डोकी मोजली आणि मित्राला फोन केला.

गाडी गेली होती. मामींनी भात आणि कुळथाची पिठी केली. एवढ्या माणसांना ताटं पुरेनात म्हणून पंगती दोन झाल्या. सकाळच्या गाडीने सगळे परतले. दादांचा एक्स-रे झाला, हाड शाबूत, लिगामेंट ताणलेलं. त्या तरुणाचा आठवड्याने फोन आला. पुढच्या महिन्यात पुन्हा यायचंय, पण घरातले जुने बूट चालतील का, असं विचारत होता. म्हटलं, तळाच्या मधल्या थरावर अंगठ्याने जोर देऊन बघ, बूट मधोमध वाकव, भेगा दिसल्या तर सरळ टाकून दे, आणि दिसल्या नाहीत तरी आधी घराजवळच्या टेकडीवर दोनदा घालून ये.

मामांना मी ठरलेल्या मजुरीच्या दुप्पट दिले. त्यांनी मोजून निम्मे परत केले. मुलाची आणि त्या तिघांची मजुरी मात्र नीट मागून घेतली.