चावतं का? खातात का?

मृगाचे दोन-चार पाऊस झाले की निसर्ग मंडळाचा पहिला निरोप येतो. रविवारी सकाळी सात वाजता ठाण्यात येऊरच्या फाटकापाशी जमायचं. पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे, अत्तर लावायचं नाही, भडक रंग टाळायचे, डबा आणायचा आणि त्याबरोबरचा कचराही परत न्यायचा. हे सगळं वाचून कुणीतरी एक जण गुलाबी रेनकोट घालून येतोच. त्याला कुणी काही म्हणत नाही. फार तर फोटोत मागे उभं करतात.

आमच्या निसर्ग मंडळाचं वर्ष इथून सुरू होतं. पावसात बेडूक, अळंब्या आणि गोगलगायी. गणपती गेले की घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरं. दिवाळीनंतर उरण आणि भांडुपचं पंपिंग स्टेशन, कारण तोवर उत्तरेकडचे पाहुणे पक्षी उतरलेले असतात. मग शिवडीच्या चिखलात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. उन्हाळ्यात रात्रीची फेरी, ती विंचवांसाठी. अतिनील प्रकाशाचा टॉर्च मारला की विंचू हिरवट-निळा चमकतो आणि एरवी मांजराला घाबरणारी माणसंही त्याच्याभोवती कोंडाळं करून उकिडवी बसतात. आरेच्या नावाने शास्त्रात नोंदवलेला एक विंचू आहे, हे तिथे हमखास सांगितलं जातं आणि दर वेळी आम्हाला तो जणू आपणच शोधल्यासारखा अभिमान वाटतो.

कारवीची गोष्ट वेगळी. ती आठ वर्षांतून एकदा फुलते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. मंडळातले जुने लोक आपला अनुभव वर्षांत सांगत नाहीत, "माझ्या तीन कारव्या झाल्या" असं म्हणतात. त्यातही एक उतरंड आहे. फुलून झालं की झुडूप वाळतं, पण बोंडं तशीच राहतात आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर ओल लागली की तडतड फुटतात. ज्यांनी ती तडतड कानांनी ऐकली आहे, ते नुसती जांभळी फुलं पाहून आलेल्यांशी जरा सांभाळून घेतल्यासारखं बोलतात.

असल्या मंडळांची थोरली पाती म्हणजे बीएनएचएस, अर्थात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जण जमले आणि तिची सुरुवात झाली. त्यांत दोघे आपले होते. एक प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग, दुसरे वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन, रखमाबाईंचे सावत्र वडील. महिन्यातून एकदा भेटायचं, कुणी काय पाहिलं ते सांगायचं, कुणी काही धरून आणलं असेल तर ते दाखवायचं, एवढाच बेत होता. पहिल्या बैठका भायखळ्याच्या संग्रहालयात झाल्या, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाडमध्ये. पुढे संस्थेला आसरा मिळाला तो फोर्टात, फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याच्या जागेत. त्याच्याच कंपनीच्या कचेरीत संस्थेचे सचिव मिलार्डसाहेब यांच्या खुर्चीमागे पिंजऱ्यात एक महाधनेश (मोठा हॉर्नबिल) होता, विल्यम. तो तिथे सव्वीस वर्षं राहिला आणि १९२० मध्ये मेला. तारेचा तुकडा गिळल्यामुळे मेला असं म्हणतात. पण त्याआधी त्याने एकदा पेटता सिगार गिळून पचवला होता, त्यामुळे त्याला ओळखणाऱ्या एकाला ते काही पटलं नाही. मिलार्डसाहेब दुरावल्याचं दुःखच त्याला भोवलं, असं त्याचं मत. संस्थेच्या बोधचिन्हावर आजही जो पक्षी आहे तो हाच. पक्षीतज्ज्ञ सालिम अली लहानपणी पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घ्यायला या संस्थेत गेले होते, ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र ही सिगारवाली गोष्ट जास्त आवडते.

डॉक्टर, दारूचे व्यापारी, सरकारी नोकर. पोट दुसऱ्याच कशावर भरायचं आणि जीव किड्या-पाखरांत गुंतवायचा, हा प्रकार तेव्हापासून चालत आला आहे. आमच्याकडे महिन्याच्या व्याख्यानाला शाळेचा हॉल मिळतो. प्रोजेक्टर पहिली दहा मिनिटं निळा पडदा दाखवतो. मग जो माणूस बोलायला उभा राहतो तो आठवडाभर कुठल्यातरी बँकेत कर्जाची प्रकरणं तपासत असतो. पण कोळ्यांचा विषय निघाला की त्याचा आवाज बदलतो. उड्या मारणारा कोळी मादीपुढे कसा नाचतो हे तो दोन्ही हात वर करून, चष्मा सावरत, सगळ्यांसमोर करून दाखवतो. त्याचा साहेब मागच्या रांगेत बसला असता तर त्याने काय केलं असतं, असं माझ्या मनात येऊन जातं. बहुतेक हेच केलं असतं. ठाणे-कल्याण पट्ट्यात सापडलेल्या अशाच एका कोळ्याला २०२१ मध्ये 'आयसियस तुकारामी' असं नाव मिळालं, सव्वीस अकराच्या रात्री कसाबला धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्यावरून. हे तो सांगतो तेव्हा हॉलमधली कुजबुज थांबते. मग कुणाचा तरी फोन वाजतो.

व्याख्यानांपेक्षा माझा डोळा शेवटच्या प्रश्नोत्तरांवर असतो. एक काका असतात, त्यांना प्रश्न विचारायचा नसतो, गावच्या घरातल्या घोरपडीची हकिगत सांगायची असते. एक हुशार मुलगी असते, तिला शास्त्रीय नावं येतात आणि इतरांना येत नाहीत याचं तिला दुःख असतं. बाकीच्यांचे प्रश्न मात्र फिरून फिरून दोनच : चावतं का? आणि खातात का? जाणती मंडळी या प्रश्नांना मनातल्या मनात हसतात. मला ते पटत नाही. चावत नाही आणि खाता येत नाही असं एकदा कळल्यावरच माणूस एखाद्या प्राण्याकडे नुसतं बघायला मोकळा होतो.

किनाऱ्यावरच्या फेरीत तर हे दोन प्रश्न टाळताच येत नाहीत. ही फेरी चंद्राच्या हिशेबाने ठरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीही तितकीच आत जाते आणि एरवी पाण्याखाली असलेले खडक उघडे पडतात. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत येऊन काही उपयोग नाही. गेल्या हिवाळ्यात ऊन कलल्यावर आम्ही असेच हाजी अलीच्या खडकांवर उतरलो. म्होरक्या पंचविशीतला होता, पायात बूट, गळ्यात कॅमेरा. खडकाला शर्टाच्या बटणांसारखे चिकटलेले झोअँथिड नावाचे समुद्री जीव त्याने दाखवले, त्यांच्यातल्या काहींत जबर विष असतं म्हणून हात न लावण्याची तंबी दिली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. मग एका खळग्यात शंखाचं घर पाठीवर घेतलेला खेकडा निघाला आणि मागून दुसरा प्रश्न आला.

म्होरक्या "नाही बहुतेक" म्हणेपर्यंत पलीकडे कालवं फोडत बसलेल्या कोळीण मावशींनी मान वर केली. "त्यो नाय खात कोन," त्या म्हणाल्या, आणि मग काय खातात, कुठल्या खडकावरची कालवं भरलेली असतात आणि कुठली नुसती शिंपलीच, हे हातातलं लोखंड न थांबवता सांगत गेल्या. आमचं टोळकं हळूहळू त्यांच्याकडे सरकलं. गुलाबी रेनकोटवाले, पाऊस नसल्याने त्या दिवशी साध्या शर्टात, सगळ्यात पुढे. म्होरक्याने आधी जरा वाट पाहिली. मग कॅमेरा पाठीवर टाकला, खिशातून वही काढली आणि त्यांच्या शेजारी खडकावर बसून विचारलं, "मावशी, पूर्वी इथे अजून काय काय मिळायचं?"

"लिव," मावशी म्हणाल्या, "पण पानी चढायच्या आत उठा सगली."